खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी जिवंत खाद्य घरी टिकवणं: बडोदेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. यातले बरेचसे प्रश्न मासा घरी आल्यावर विचारले जातात. ते त्याआधी विचारले जावेत अशी मनापासून इच्छा आहे. खाद्याची पैदास मासा आणण्याच्या दोन-तीन महिने आधी सुरू केली, तर निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत. आधी खाद्य, मग मासा. खालच्या बहुतेक उत्तरांचा गाभा हाच आहे.

१. पॉड, रोटिफर, आर्टेमिया ही सगळी नावं ऐकली. फरक काय, आणि मला यातलं काय लागेल?

तिन्ही वेगळे जीव आहेत. रोटिफर सगळ्यात लहान, साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना पहिला घास म्हणून ते लागतात. आर्टेमिया म्हणजे मिठागरांत आणि अतिखाऱ्या तळ्यांत वाढणारं कवचधारी. त्याची सुकी अंडी डब्यात मिळतात आणि अंड्यातून निघालेलं पिल्लू ०.४ ते ०.५ मिलिमीटरचं असतं. पॉड म्हणजे कोपेपॉड, तेही बारीक कवचधारीच. त्यांची पिल्लं रोटिफरपेक्षाही बारीक असू शकतात, तर मोठे पॉड मिलिमीटरभर होतात.

टँकमध्येच वस्ती करून राहणारे यातले फक्त पॉड. रोटिफर आणि आर्टेमिया टँकमध्ये टाकले की खाल्ले जातात किंवा फिल्टरमध्ये जातात, मागे काही उरत नाही. म्हणून पिल्लं वाढवायची नसतील तर सुरुवात पॉडपासून करा.

२. माझे मासे गोळ्या आणि फ्रोझन दोन्ही खातात. मग ही उठाठेव कशाला?

क्लाउनफिश, डॅमसेल, टँग असे मासे असतील आणि नीट खात असतील, तर खरंच गरज नाही. जिवंत खाद्य लागतं ते मँडरिनसारख्या दिवसभर टिपत राहणाऱ्या माशांना, नव्याने आलेल्या आणि खाणं सोडलेल्या माशांना, आणि पिल्लांना.

३. दुकानात ट्युबिफेक्स आणि डॅफ्निया स्वस्त मिळतात. तेच टाकले तर?

टाकू नका. दोन्ही गोड्या पाण्यातले जीव आहेत. खाऱ्या पाण्यात ते थोड्याच वेळात मरतात, दगडांच्या फटीत अडकून सडतात आणि अमोनिया वाढवतात. शिवाय ट्युबिफेक्स घाणेरड्या, गाळाच्या पाण्यातून गोळा केलेले असतात.

४. पाणी कुठलं वापरायचं? आणि मीठ?

बडोद्याच्या नळाला मही नदीचं आणि आजवा सरोवराचं पाणी येतं. पिण्याला ते ठीक आहे, पण त्यात क्लोरीन असतं, आणि पॉडना क्लोरीन सोसत नाही. बोअरचं पाणी तर जड असतं, त्यात काय काय विरघळलेलं आहे ते सोसायटीगणिक बदलतं. आरओ-डीआयचं (आरओनंतर उरलेसुरले क्षारही काढून टाकलेलं), टीडीएस शून्याच्या जवळ आलेलं पाणी घ्या. स्वयंपाकघरातल्या आरओवर भागवायचं असेल, तर त्यातली चव वाढवणारी मिनरल कार्ट्रिज आणि टीडीएस ॲडजस्टर बायपास करून घ्या.

पॉड आणि रोटिफरला मरीन सॉल्टच हवं. स्वयंपाकाच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि क्षारता समुद्रासारखी नसते. अपवाद एकच: आर्टेमियाची अंडी उबवायला बिनआयोडीनचं जाडं मीठ चालतं (प्रश्न ९). खारेपणा रिफ्रॅक्टोमीटरनेच मोजा. समुद्राचं ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६. पॉडची भांडी १.०२२ ते १.०२६ च्या दरम्यान छान चालतात.

५. समुद्र काही फार लांब नाही. कावी-कंबोईहून किंवा दहेजहून कॅन भरून आणले तर मिठाचे पैसे वाचतील ना?

हा प्रश्न दर सुट्टीनंतर येतो. कावी-कंबोईच्या स्तंभेश्वराच्या दर्शनाला गेलात की भरतीचं पाणी देवळावर चढताना दिसतं आणि मोह होतो. पण खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक देशातल्या सर्वांत मोठ्या फरकांपैकी आहे, काही ठिकाणी तो दहा मीटरच्या वर जातो. मही, नर्मदा, साबरमती आणि तापी तिथे गाळ आणून ओततात, आणि ही भरती तो सतत ढवळत राहते. पाणी चहाच्या रंगाचं, पावसाळ्यात खारेपणा कमी झालेला, त्यात दहेजच्या किनाऱ्यावर रासायनिक कारखाने. ते गाळून, उकळून, स्थिरावूनही भरवशाचं होत नाही. मीठ विकत घ्या. खाद्याच्या भांड्यांना पाणी लागतं थोडंच, त्यामुळे खर्चही फार नाही.

६. पॉडची पैदास सुरू करायची आहे. अगदी पहिल्यापासून सांगाल का?

सुरुवात टिस्बेने करा. हा तळाशी आणि भिंतींवर रांगणारा पॉड आहे, चुका पोटात घालतो आणि आपल्याकडच्या तापमानाशी बऱ्यापैकी जुळवून घेतो. टिग्रिओपस आकाराने मोठा, नारिंगी-लालसर, माशांना लगेच दिसणारा. पण त्याचा कॅलिफोर्नियाचा प्रकार थंड किनाऱ्यावरचा आहे, आपल्या उन्हाळ्यात त्याची पैदास मंदावते. ॲपोसायक्लॉप्स मिळाला तर सोडू नका, उष्णता त्याला मानवते (प्रश्न १०).

पाच ते दहा लिटरची खाण्याच्या दर्जाच्या प्लास्टिकची रुंद तोंडाची बादली घ्या. तिच्यात कधीही साबण, फिनाइल किंवा औषध गेलेलं नसावं. वर सांगितलेलं पाणी भरा. हवेची कडक नळी तळापर्यंत सोडा, पण तिला एअरस्टोन लावू नका. बारीक बुडबुड्यांत पॉडची पिल्लं अडकतात. सेकंदाला एक-दोन मोठे बुडबुडे पुरतात. वर सैल झाकण ठेवा. खोलीतला उजेड पुरे, थेट ऊन नको. तापमान २४ ते २८ अंश असलं की उत्तम.

पॉडची बाटली आली की ती तासभर तशीच भांड्याच्या पाण्यात तरंगत ठेवा, मग थोडं थोडं पाणी मिसळत सोडा. खाद्य म्हणजे फायटोप्लँक्टन, पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शैवाल (प्रश्न ७), तेही पाण्याला फिकट हिरवी झाक येईल इतकंच. झाक गेली की पुन्हा द्या. हिरवं असताना वर आणखी ओतू नका.

आता सगळ्यात अवघड भाग: वाट पाहणं. पहिले दोन आठवडे भांडं रिकामं वाटतं आणि लोक “सगळे मेले” म्हणून पाणी ओतून देतात. पॉड अंड्यातून निघाल्यावर सहा अवस्था नॉप्लियसच्या (अगदी लहान पिल्लाच्या) आणि पाच कोपेपोडाइटच्या (वाढत्या पिल्लाच्या) पार करतो, दर वेळी कात टाकतो, तेव्हा कुठे प्रौढ होतो. नॉप्लियस डोळ्यांना दिसणारच नाही. रात्री दिवा बंद करून भांड्याच्या कडेला टॉर्च धरा आणि भिंगातून बघा. भिंतीवर सरकणारे पांढुरके ठिपके आणि अंड्यांच्या पिशव्या घेऊन फिरणाऱ्या माद्या दिसल्या की तुमची वस्ती रुजली.

आणि पहिल्या दिवसापासून भांडी दोन ठेवा, शक्यतो वेगवेगळ्या खोल्यांत. एकच भांडं असलेल्याची पैदास आज ना उद्या संपते.

७. फायटोप्लँक्टन सतत विकत घेणं परवडत नाही. घरी होतं का?

होतं, आणि पॉडपेक्षा सोपं आहे. दोन लिटरच्या पारदर्शक बाटल्या, २५ ते ३० पीपीटीचं निर्जंतुक केलेलं खारं पाणी, पांढरा एलईडी दिवसाला सोळा तास, जोराची हवा आणि एफ-बाय-टू नावाचं खत. हे खत गिलार्ड आणि रायदर यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या माध्यमावरून आलेलं आहे. त्यात नायट्रेट, फॉस्फेट, लोह, सूक्ष्म धातू आणि बी-१, बी-१२, बायोटिन ही जीवनसत्त्वं असतात. बागेचं खत वापरू नका, त्यातल्या तांब्याचा आणि अमोनियाचा भरवसा नाही. आठवडा-दहा दिवसांत पाणी गडद हिरवं झालं की अर्धं काढून फ्रिजमध्ये ठेवा, अर्ध्यात नवं पाणी आणि खत घाला. फ्रिजमधली बाटली रोज एकदा हलवली तर तीन-चार आठवडे टिकते.

नॅनोक्लोरोप्सिस हे शैवाल सहज वाढतं, रोटिफरला ते आवडतं आणि त्यात ईपीए भरपूर असतं (ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ स्निग्धाम्लं). मात्र डीएचए नसल्यातच जमा, आणि पिल्लांच्या मेंदू-डोळ्यांच्या वाढीला डीएचएच लागतं. म्हणून आयसोक्रायसिस या दुसऱ्या शैवालाची एक बाटली जोडीला ठेवा. टेट्रासेल्मिसचा दाणा मोठा असल्याने पॉड ते आवडीने खातात. आपल्याकडे कोचीची केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था अशा सूक्ष्म शैवालांचे शुद्ध साठे राखते. ही शैवालं म्हणजे काही परदेशी चैन नव्हे, कोळंबी आणि माशांच्या हॅचऱ्यांचं ते रोजचं खाद्य आहे.

एक शिस्त मात्र पाळा: सकाळी आधी शैवालाच्या बाटल्या हाताळा, मग पॉड, शेवटी रोटिफर. उलटं केलंत तर ओल्या हातावरून रोटिफर शैवालात शिरतो आणि दोन-चार दिवसांत हिरवी बाटली स्वच्छ पाण्यासारखी करून टाकतो.

८. पॉड काढायचे कधी आणि किती?

पहिली काढणी तीन-चार आठवड्यांनंतर. त्यापुढे आठवड्याला पाव भाग पाणी गाळून घ्या आणि तेवढंच नवं भरा. म्हणजे काढणी आणि पाणीबदल एकाच कामात होतो. गाळण्यासाठी स्क्रीन प्रिंटिंगच्या सामानाच्या दुकानात मिळणारी नायलॉनची जाळी उत्तम, फक्त धाग्यांच्या नंबरावर जाऊ नका, छिद्र किती मायक्रॉनचं ते विचारा. साधारण ५० मायक्रॉनच्या जाळीवर रोटिफर आणि पॉडची बहुतेक पिल्लं अडकतात, १२० वर आर्टेमियाची पिल्लं, आणि १५० च्या आसपास फक्त मोठे पॉड. १५० ची वापरलीत तर बारकी पिल्लं भांड्यात परत जातात, वस्ती खचत नाही. तळाचा गाळ सगळा उपसू नका, टिस्बे त्यातच राहतो.

९. आर्टेमियाची अंडी टाकली, पण निम्मीही फुटत नाहीत. का?

बहुतेक वेळा कारण तापमान किंवा जुना डबा. एक लिटर पाण्याला २५ ते ३० ग्रॅम जाडं मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा (पीएच ८ च्या वर हवा), एक-दोन ग्रॅम अंडी, खालून जोराची हवा आणि वर उजेड. २८ अंशांना २४ तासांत पिल्लं निघतात. जानेवारीत बडोद्याच्या रात्री खोली वीस अंशांवर येते तेव्हा ३६ तासही लागतात. तिथे छोटा हीटर लावा. डबा उघडल्यावर कोरडा, घट्ट बंद, फ्रिजमध्ये ठेवा. ओल लागलेली अंडी फुटत नाहीत.

हवा बंद करून दहा मिनिटं थांबा, एका बाजूने टॉर्च लावा. टरफलं वर तरंगतात, पिल्लं उजेडाकडे जमतात, ती नळीने ओढून जाळीवर धुवा. टरफलं टँकमध्ये जाऊ देऊ नका, लहान माशांच्या आतड्यात ती अडकतात. उबवण्याचं पाणीही टँकमध्ये ओतू नका.

पिल्लांचं पोषण त्यांच्या पोटातल्या बलकात असतं आणि उन्हाळ्यात तो भराभर संपतो. म्हणून निघाल्यावर लगेच खायला घाला. उशीर झाला तर पहिली कात टाकल्यावर त्यांना आयसोक्रायसिस द्या आणि काही तासांनी वापरा. पहिल्या अवस्थेत त्यांचं तोंडच उघडलेलं नसतं, तेव्हा खाद्य देणं वाया.

१०. मे महिन्यात सगळं संपतं. बडोद्याच्या उन्हाळ्यात पॉड टिकवायचे तरी कसे?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. पारा ४२-४३ वर गेला की वरच्या मजल्यावरची बंद खोली ३५ च्या पुढे जाते. पॉड मरतात त्याला नुसती उष्णता कारणीभूत नसते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, उरलेलं खाद्य लवकर कुजतं, आणि बाष्पीभवनाने खारेपणा चढत राहतो. तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, म्हणून वस्ती एका रात्रीत कोसळल्यासारखी वाटते.

माठ ज्या कोपऱ्यात ठेवता, तो घरातला सर्वांत गार कोपरा असतो. भांडी तिथे हलवा. भांडं पाण्याने भरलेल्या रुंद परातीत ठेवून भोवती ओलं सुती कापड गुंडाळा आणि छोटा पंखा लावा. कोरड्या उन्हाळ्यात यानेच तीन-चार अंशांचा फरक पडतो. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की या उपायाचा जोर ओसरतो, पण तोवर पाराही उतरलेला असतो. बर्फाची बाटली वापरायची तर परातीत, भांड्यात कधीच नाही. तापमानाचा झटका गरमीपेक्षा वाईट.

पाण्याच्या पातळीला मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी रेघेपर्यंत साधं आरओ पाणी भरा, खारं नव्हे. खाद्य निम्म्यावर आणा. लहान बाटल्या एकत्र करून मोठं भांडं करा, जास्त पाणी हळू तापतं. आणि नवीन पॉड मागवायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मे महिन्यात कुरियरच्या गाडीत उकडलेली बाटली हाती आल्यावर कुणीच काही करू शकत नाही.

एवढं करूनही एखाद्याचं भांडं जाणारच. म्हणून मार्चमध्येच आपल्या पॉडची एक-एक बाटली ओळखीच्या दोन घरी देऊन ठेवा. विरजण संपलं की शेजारून आणतो, तसं जूनमध्ये परत मागून आणता येतं. समुद्रापासून दूरच्या गावात ही देवाणघेवाण नसेल तर हा छंद फार महाग आणि फार निराशेचा होतो.

११. पॉडच्या भांड्यातलं पाणी दुधाळ झालंय आणि वास येतोय. वाचेल का?

दुधाळ म्हणजे जीवाणूंची भर, कारण जास्त खाद्य. खाद्य थांबवा, मोठे पॉड गाळून नव्या पाण्यात हलवा, हवा वाढवा. सकाळी ठीक होतं आणि संध्याकाळी अचानक सगळे तळाशी निपचित, पाणी मात्र स्वच्छ, असं असेल तर संशय डासांच्या औषधावर घ्या. लिक्विड मशीन, कॉइल, स्प्रे यांत बहुधा पायरेथ्रॉइड असतात आणि कवचधाऱ्यांना ते अत्यंत विषारी. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. विश्वामित्रीच्या काठच्या सोसायट्यांत पावसाळ्यात धूर फवारणी होते, तेव्हा खिडक्या लावा आणि तेवढा वेळ पंप बंद ठेवा. त्या खोलीत मच्छरदाणी लावा.

१२. मँडरिन फारच आवडलाय. माझ्या १०० लिटरच्या टँकमध्ये आठवड्याला एक बाटली पॉड टाकले तर जगेल?

बहुधा नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण बरेचसे मँडरिन आजाराने नाही तर उपासमारीने मरतात, तेही हळूहळू, काही आठवड्यांत. हा मासा दिवसभर दगडावरून एकेक पॉड टिपत फिरतो. आठवड्याची बाटली तो एक-दोन दिवसांत संपवतो.

जुना, भरपूर दगड असलेला, तीनशे लिटरच्या आसपासचा टँक आणि त्याला जोडलेलं रेफ्युजियम, म्हणजे पॉडना आसरा देणारा वेगळा कप्पा, असेल तर विचार करा. सम्पच्या (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीच्या) एका कप्प्यात कीटोमॉर्फा शैवालाचा गुंता ठेवा, त्यावर रात्री दिवा लावा. त्या गुंत्यात पॉडना मासा गाठत नाही आणि तिथून ते टँकमध्ये येत राहतात. टँक सुरू झाल्यावर पॉड सोडा, तीन-चार महिने त्यांचा शत्रू आणू नका, रात्री काचेवर टॉर्च मारून सहज पॉड दिसू लागले की मगच मँडरिन आणा. आणलेला आहेच आणि पोट आत गेलंय, पाठीचा कणा वर दिसतोय, अशी वेळ असेल तर त्याला छोट्या जाळीच्या पेटीत वेगळा करून दिवसातून चार-पाच वेळा ताजी आर्टेमिया पिल्लं आणि पॉड द्या. सोबत सिक्स-लाइन रॅससारखा पॉडखाऊ मासा असेल तर तो आधी दुसरीकडे हलवा.

१३. टँकमध्ये पॉड टाकतो, पण आठवड्याने एकही दिसत नाही.

दिवे आणि रिटर्न पंप (सम्पमधून पाणी टँकमध्ये परत आणणारा) बंद करून रात्री टाका, दगडांच्या तळाशी नळीने सोडा, तासाभराने पंप चालू करा. पाणी निर्जंतुक करणारा यूव्ही दिवा असेल तर रात्रभर बंद ठेवा. फिल्टर सॉक (गाळणीची कापडी पिशवी) त्या दिवशी काढा. तरीही उरत नसतील तर खाणारे जास्त आहेत, प्रश्न १२ पाहा.

१४. क्लाउनफिशने अंडी घातली! आता पिल्लांना काय देऊ?

अंडी फुटायला आठवडा ते दहा दिवस लागतात आणि पिल्लं अंधार पडल्यावर निघतात. म्हणजे तुमच्याकडे तेवढेच दिवस आहेत, रोटिफर आजच मिळवा. ते नरमादीच्या मिलनाशिवाय वाढतात, मादीचं आयुष्य काही दिवसांचं, पण दीड दिवसाची झाली की अंडी घालू लागते. त्यामुळे रोज पाव भाग काढला नाही तर गर्दीने आणि अमोनियाने भांडं कोसळतं. खारेपणा २० ते २५ पीपीटी ठेवा, दिवसातून दोनदा नॅनोक्लोरोप्सिस द्या. यीस्टवर रोटिफर जगतात, पण त्यांच्यावर वाढलेली पिल्लं अशक्त निघतात. साधारण सहाव्या-सातव्या दिवसापासून थोडी आर्टेमिया मिसळा.

१५. वीज गेली तर?

दोन-चार तासांनी टिस्बेला काही होत नाही. रोटिफरची दाट वस्ती मात्र लवकर गुदमरते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात शहराच्या कित्येक भागांत वीज बराच काळ नव्हती. अशा वेळी खाद्य पूर्ण बंद करा, भांड्यांतलं पाणी रुंद परातींत पसरा म्हणजे हवेशी संपर्क वाढेल, आणि बॅटरीचा पंप रोटिफरला द्या. पॉड थांबतील.

१६. माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला म्हणून तांब्याचं औषध घातलं. पॉड परत कधी सोडू?

त्या टँकमध्ये बहुधा कधीच नाही. तांबं दगडात आणि वाळूत मुरतं आणि हळूहळू परत सुटतं. कवचधाऱ्यांना त्याचा अंशही घातक असतो. औषध नेहमी वेगळ्या, दगड नसलेल्या टँकमध्ये द्या, आणि त्या टँकची जाळी, नळी, बादली खाद्याच्या भांड्यांना लावू नका.

१७. नरारा किंवा पिरोटनला जाणार आहोत. तिथून पॉड भरलेले दोन दगड आणले तर? आणि समुद्रघोड्याला हेच खाद्य चालेल का?

दोन्हीला नाही. नरारा आणि पिरोटन ज्यात येतात ते जामनगरचं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ पासूनचं आहे, तिथून शिंपलाही उचलायचा नाही, जिवंत दगड तर दूरच. प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले आणि आजही संरक्षित आहेत. कुणी दुकानातून देऊ केला तरी घेऊ नका. कोरडे कृत्रिम दगड आणि वर सांगितलेल्या पॉडच्या दोन बाटल्या यांनी काही महिन्यांत तसाच भरलेला दगड तयार होतो.

१८. दिवाळीत दहा दिवस पुण्याला जायचंय. पॉड सांभाळायला कुणी नाही.

टिस्बे राहतो. जायच्या आदल्या दिवशी पाव भाग पाणी बदला, नेहमीइतकंच खाद्य द्या (दहा दिवसांचं एकदम नाही), पातळी रेघेच्या किंचित वर भरा, झाकण नीट लावा. शैवालाच्या बाटल्या फ्रिजमध्ये. रोटिफर गाळून, स्वच्छ खाऱ्या पाण्यात, विरळ करून फ्रिजच्या चार अंशांत ठेवले तर आठवडाभर बऱ्यापैकी टिकतात. एक बाटली मात्र सोबत न नेता शेजारी ठेवून जा, आणि त्यांना रोज एकदा सैल झाकण हलवून बघायला सांगा. परत आल्यावर लगेच काढणी करू नका, चार दिवस खाद्य द्या, मग बघा.